नसा मोकळ्या करणारे शिकलगार सर

शिकलगार सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हाताकडे बघत. ही त्यांची सवय एस.टी.त, मंडईत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही सुटत नसे. लक्ष्मीपुरीच्या बाजारात एखादी बाई भेंड्या निवडत असली आणि तिच्या अंगठ्याखालचा मांसल भाग बसलेला दिसला, की सर पिशवी खाली ठेवून म्हणत, "मावशी, जरा हात बघू." नवख्या माणसाला वाटायचं, हा कोणीतरी ज्योतिषी असावा. एकदा स्टँडवर एका तरण्या गड्याने आपणहून दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं, "लगीन कवा हाय, तेवढं सांगा की." सरांनी त्याची करंगळी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "लग्नाचं मला ठावं न्हाय. पन ही करंगळी वाळत चाललीया. उद्या दवाखान्यात ये, न्हायतर बायकोला मंगळसूत्र बांधताना गाठ बसायची न्हाय." तो पोरगा दुसऱ्या दिवशी खरंच आला.

डॉ. हसन शिकलगार आमच्या रुग्णालयात हाडांचे आणि हाताचे सर्जन होते. दंडापासून बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा कुठेतरी चेंगरतात, हात बधीर पडतो, बोटं वाळतात, पकड जाते. अशा नसा मोकळ्या करण्यात त्यांचा हातखंडा होता. सत्तर सालच्या आसपास कोल्हापुरात हे काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती. नसेतून विजेचा प्रवाह सोडून तपासण्याची यंत्रं आमच्याकडे नव्हती. सरांकडे एक टाचणी, कापसाचा बोळा आणि दोन डोळे होते.

मी पेठ वडगावची. शेतकऱ्याची मुलगी. नर्सिंगचं शिक्षण पुरं करून मुलाखतीला आले तेव्हा टेबलापलीकडे मेट्रनबाई, मोठे साहेब म्हणजे आमचे अधीक्षक, आणि कडेला सर बसले होते. मेट्रनबाईंनी निर्जंतुकीकरणाविषयी विचारलं, मी पाठ केलेलं सांगितलं. मग सर म्हणाले, "हात पुढं करा." मी केले. त्यांनी ते उलटे करून पाहिले.

"धार काढत होता काय?"

"हो. शिकायला जायच्या आधी."

"रात्री बोटांत मुंग्या येतात?"

"मला नाही. आईला येतात."

"मग आईला घेऊन या," सर म्हणाले आणि मेट्रनबाईंकडे वळले. "माझं विचारून झालं."

नोकरी मिळाली की नाही हे कळायच्या आधी आईला दवाखान्यात आणायचा हुकूम मिळाला होता. घरी चार म्हशी होत्या आणि धारेचं काम आई लग्न झाल्यापासून एकटी करत होती. गेली दोन वर्षं तिच्या हातातून दुधाची चरवी सुटायची. माझी आजी म्हणायची, "मुद्दाम पाडती. कामाचा कटाळा." वैदूने वात सांगितला होता. आईने तेलं चोळली, मनगटाला काळा दोरा बांधला, एरंडाची पानं बांधली. तरी झोपेतून उठून हात झाडत बसायची. विचारलं तर म्हणायची, "बोटं माझी न्हाईतच जनू. कुनाची तरी उसनी लावल्यात."

सरांनी तिला समोर बसवून दोन्ही मनगटं खाली वाकवायला सांगितली आणि घड्याळाकडे बघत बसले. मिनिटभरही झालं नसेल, आई ओरडली, "आल्या की वो मुंग्या! ह्या कशा बोलवलासा?"

सर हसले. त्यांनी आईचं मनगट हातात धरलं. "हे बघा आक्का. गंगावेशीत बोळ बघितलाय न्हवं, दोन माणसं समोरासमोर आली की अंग चोरावं लागतं? तसा एक बोळ हितं मनगटात हाय. त्यातनं नऊ दोऱ्या जात्यात आणि एक नस. धार काढून काढून दोऱ्या सुजल्या, की बिचारी नस भिंतीला चेंगरती. मी काय करतो, त्या बोळाचं छप्पर कापतो. बास."

"छप्पर कापलं तर पाऊस लागल की," आई म्हणाली.

"लागू दे. नसंला पाऊस आवडतो."

ऑपरेशन मनगटापुरती भूल देऊन झालं. आई जागी होती आणि सबंध वेळ वडगावच्या बाजाराच्या गोष्टी सांगत होती. मी तेव्हा थिएटरात नवीन. कोपऱ्यात उभी राहून बघत होते. तळव्याच्या मुळाशी लहानसा छेद, खाली पांढरी जाड पट्टी, आणि ती कापली गेल्यावर तिच्या खालून दिसलेली ती पिवळसर, चपटी झालेली नस. माझ्या आईच्या आयुष्यातली सगळी धारेची कामं त्या चपट्या जागेत दिसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने मला बोलावून घेतलं आणि जणू कोणाची चहाडी सांगावी तशा हळू आवाजात म्हणाली, "सुमन, रातभर झोपले बग."

टाके काढायच्या आधीच ती घरी पळाली आणि एका हाताने धार काढायला बसली. हे सरांना कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून असा आवाज चढवला की ओ.पी.डी.तली माणसं उठून बघायला लागली. "तुमच्या आईला सांगा, म्हशीला दुसरा माणूस मिळतो. हात दुसरा मिळत न्हाय!" सर रागीट होते हे खरंच. दिव्याचा झोत हलला, कात्री बोथट निघाली, नातेवाईक खाटेवर बसले, की त्यांचा पारा चढे. बोथट कात्री तर त्यांना अजिबात खपत नसे. ते घराणंच शिकलगारांचं. आजोबा-पणजोबांपासून सुऱ्या, विळ्या, कात्र्यांना धार लावून द्यायचं काम. वडिलांचं सहाणेचं चाक त्यांच्या घराच्या पडवीत अजून उभं होतं.

ते चाक मी पाहिलं ते एका ईदला. सरांनी थिएटरच्या सगळ्यांना शीरखुर्म्याला बोलावलं होतं आणि स्वतःच विसरून वॉर्डात थांबले होते. त्यांच्या पत्नी रजियाभाभींनी आम्हाला बसवलं. पडवीत सरांचे वडील बसले होते, ऐंशीच्या घरातले, पांढरीशुभ्र दाढी. मी वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी डावा हात काढला आणि मी चमकले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग खोल, जणू चमच्याने कोरून काढलेला.

माझं बघणं त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "डावं कोपर चाकाच्या लाकडावर टेकवायचं, उजव्या हातानं विळा धरायचा. चाळीस वर्सं टेकवलं. आदी करंगळी झोपली, मग शेजारची. कुनाला काय कळंना. पीर झाले, देव झाले. ह्यो तवा शाळेत व्हता. म्हनला, अब्बा, मी डाक्टर हुतो आन् तुमचा हात नीट करतो."

"मग?"

"ह्यो डाक्टर हुईस्तवर नस मरून गेलती." म्हातारा हसला. "पन ह्येनं बिचाऱ्यानं दुसऱ्यांचं किती हात जगवलं, त्ये मोजा की."

सर आले तेव्हा आमचं खाऊन झालं होतं. वडिलांच्या हातातली वाटी त्यांनी बोलता बोलता काढून घेतली आणि चमच्याने त्यांना उरलेला शीरखुर्मा भरवला. हे त्यांच्या घरात रोजचंच असावं, कारण दोघांपैकी कोणीच त्यासाठी बोलणं थांबवलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते ज्ञानू सुताराचं. सरांची थोरवी मला तेव्हा कळली, आणि त्या गोष्टीत माझाही दोष आहे, म्हणून ती मी अजून कोणाला पुरती सांगितलेली नाही.

ज्ञानू कोडोलीचा. दारं, चौकटी, बैलगाडीची कामं करणारा. पस्तिशीचा, अबोल, दणकट माणूस. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधीर झाली होती आणि लाकूड कोरायची पटाशी हातातून निसटत होती. सोमवारची ओ.पी.डी. होती. बाहेरच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी टाचणी लावून पाहिली, अंगठ्याचा जोर पाहिला, आणि केसपेपरवर मनगटाचं ऑपरेशन लिहिलं. तसल्या वीस हातांत सोळा-सतरा हात मनगटाचेच निघत.

ऑपरेशनच्या सकाळी मी ज्ञानूच्या हाताचे केस काढून हात स्वच्छ करत होते. तो छताकडे बघत बोलला, "सिस्टर, रात्रीचा मला काय तरास न्हाय बगा. गिरमिट फिरवाय लागलं की हात बधिर हुतोय. नुसती बोटं न्हाईत, तळवाबी."

गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. पिळून पिळून फिरवावं लागतं.

"डॉक्टरांना सांगितलंत का?" मी विचारलं.

"इच्यारलंच न्हाय की त्येंनी."

त्या दिवशी यादीत चार ऑपरेशनं होती. मी ते मनात ठेवलं आणि मनातच राहिलं. मनगटाच्या त्रासाला रात्र वाईट असते आणि त्यात तळव्याची कातडी बधीर होत नाही, कारण तिच्याकडे जाणारा धागा त्या बोळातून जातच नाही, वरूनच फुटतो. हे सरांनी आम्हालाच दहादा शिकवलं होतं. सरांनी पट्टी कापली, नस पाहिली आणि क्षणभर थांबले. म्हणाले, "नस चांगली दिसतेय." टाके घालून झाले.

दीड महिन्याने ज्ञानू परत आला. सोबत त्याची बायको हिराबाई होती. बोटं तशीच बधीर, आणि वर तळव्यावरचा व्रण दुखत होता. आता रंधाही धरवत नव्हता.

"हुतं तेबी गेलं," हिराबाई म्हणाली. "आदी निदान अर्धा दिवस काम व्हायचं."

सरांनी त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यांना परत यायला सांगून पाठवलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, केसपेपर आणा."

कागद त्यांच्यासमोर ठेवताना मला राहवलं नाही. ज्ञानू त्या सकाळी काय बोलला होता ते मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता बोथट कात्रीवर चढतो तसा आपल्यावर आवाज चढेल. सर ओरडले नाहीत. ते इतकं शांत बोलले की त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं. "तुम्ही मला सांगितलं नाही, ही तुमची चूक. मी त्याला विचारलं नाही, ही माझी. माझी मोठी." मग पेन काढून त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'निदान चुकले. नस मनगटात नव्हे, कोपराखाली स्नायूत दबली असावी.' आणि खाली सही केली.

दुपारपर्यंत ही बातमी मोठ्या साहेबांकडे गेली. ते स्वतः ओ.पी.डी.त आले. माणूस वाईट नव्हता, पण रुग्णालयाचं नाव सांभाळणारा होता. "शिकलगार, कागदावर कशाला? दुसरं ऑपरेशन लागेल, एवढं लिहा. चुकलं म्हणून कोण लिहितं? त्या सुताराला काय कळणार आहे?"

"त्याला कळणार नाही, म्हणूनच लिहितोय," सर म्हणाले.

"उद्या गावभर होईल."

"होऊ दे. रविवारी मीच गावात जाऊन सांगणार आहे."

आणि खरंच गेले. मलाही बरोबर घेतलं. एस.टी.त सरांनी त्या दिवशी कोणाचाही हात पाहिला नाही, खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले. ज्ञानूच्या घरासमोर चिंचेखाली त्याचं काम चालायचं. एक अर्धवट चौकट जमिनीवर आडवी पडली होती, तिच्यावर कोंबड्या फिरत होत्या. आम्हाला बघून हिराबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"परत कापाय आलासा व्हय?"

सर एका ओंडक्यावर बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं. "कापायचं मागनं बघू. आधी सांगाय आलोय. ज्ञानूबा, माझी चूक झाली. तुमचं दुखणं मनगटात नव्हतं. मी नीट इच्यारलं न्हाय आणि नको तितं कापलं."

शेजारपाजारची चार माणसं जमली होती. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "डाक्टर कुठं चुकत असतोय व्हय?"

"चुकतोय की. मी चुकलोय."

ज्ञानूने आपला उजवा हात वर केला, व्रणाकडे पाहिलं. "मग माझ्या ह्या हाताचं काय?" तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण मला तो अजून ऐकू येतो. "दीड म्हैना झाला, रंधा धरला न्हाय. लोक चौकटी दुसरीकडं टाकाय लागल्यात. तुमी चुकलो म्हनालासा, बरं वाटलं. पन माझ्या हाताचं काय?"

सर ओंडक्यावरून उठले आणि म्हणाले, "गिरमिट हाय न्हवं? घ्या. त्या फळीत फिरवा."

ज्ञानूने बाभळीच्या फळीवर गिरमिट रोवलं आणि पिळायला लागला. सर त्याच्या शेजारी धुळीत उकिडवे बसले. कोपराच्या खाली चार बोटांवर, हाताच्या आतल्या बाजूला त्यांनी आपला अंगठा दाबून धरला आणि डोळे मिटले. चिंचेखाली फक्त लाकडाचा करकर आवाज. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

"आलं," ज्ञानू अचानक म्हणाला. "बधिर आलं. तुमचा अंगठा हाय, तितनंच खाली सुटलंय."

सरांनी डोळे उघडले. "हितं हाय. स्नायूच्या खाली पट्टा आवळलाय. पीळ दिला की नस आवळती." ते उठले, गुडघे झटकले. "ज्ञानूबा, हे सुटंल असं मला वाटतं. शब्द देत न्हाय. आणि माझ्याकडंच या असंबी न्हाय. मुंबईला माझ्यापेक्षा मोठं डाक्टर हाईत. मी चिठ्ठी देतो, गाडीत बसवून देतो. तुमचा इस्वास उडाला असला तर मला राग न्हाय."

आम्ही निघालो तेव्हा हिराबाईने तांब्या पुढे केला. "पानी तरी पिऊन जावा," ती म्हणाली. सरांनी ते घटाघटा प्यायलं. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "सिस्टर, नस बोलत असते. त्या माणसाची नस तुमच्याशी बोलली, माझ्याशी बोलली. ऐकायला कोणीच नव्हतं."

दोन आठवडे ज्ञानूचा पत्ता नव्हता. सर रोज सकाळी ओ.पी.डी.च्या दारातून व्हरांड्यात नजर टाकत आणि मगच खुर्चीवर बसत. तिसऱ्या आठवड्यात नवरा-बायको दोघं आली. ज्ञानूच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"मुंबईची चिठ्ठी देऊ?" सरांनी विचारलं.

"मुंबईत कोन वळखीचं हाय आमच्या?" ज्ञानू म्हणाला. "आन् तितला डाक्टर चुकला, तर त्यो कोडोलीला यिऊन सांगनार हाय व्हय?"

हे ऑपरेशन मनगटासारखं सोपं नव्हतं. कोपराखाली रक्तवाहिन्या आणि स्नायू एकमेकांत गुंतलेले असतात. दंडाला रबरी पट्टी बांधून रक्त थांबवलं होतं आणि दर दहा मिनिटांनी वेळ मोठ्याने सांगायचं काम माझं होतं, कारण ती पट्टी फार वेळ राहिली तर तीच नसेला इजा करते. सरांनी स्नायूचे थर एकेक करून बाजूला केले. एरवी ऑपरेशन करताना ते बेसूर गुणगुणत. त्या दिवशी थिएटरात फक्त माझ्या वेळ सांगण्याचा आवाज होता. मग त्यांची कात्री थांबली.

"सिस्टर, इकडे या. बघा."

स्नायूच्या कडेला धनुष्याच्या दोरीसारखा एक पांढरा ताठ पट्टा होता आणि त्याच्याखाली नस रिबिनीसारखी चपटी झाली होती. सरांनी तो पट्टा कापला. मग दंडाची रबरी पट्टी सैल करायला सांगितली. रक्त खाली आलं आणि त्या फिक्या, दबलेल्या जागी हळूहळू गुलाबी रंग चढत गेला. सर बघत राहिले. मास्कच्या वर मला त्यांचे डोळे दिसत होते, ते भरले होते. टाके घालून होईपर्यंत ते पुन्हा गुणगुणायला लागले होते.

पण नस मोकळी झाली म्हणजे लगेच बोटं जागी होत नाहीत. ज्ञानू दर महिन्याला यायचा. सर त्याच्या हातावर वरून खाली बोटाने टिचक्या मारत जायचे आणि जिथे मुंग्या उठतील तिथे तांबड्या शाईने खूण करायचे. "नस दिवसाला ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा चालत न्हाय," ते सांगायचे. "तुमी घाई करू नका, ती करनार न्हाय." पहिल्या महिन्यात खूण कोपराखाली होती, मग मनगटाच्या वर, मग मनगटाशी. घरी गेल्यावर ज्ञानू ती खूण पुसू द्यायचा नाही, असं हिराबाई सांगायची. अंघोळीला तेवढी जागा वगळायचा. सात-आठ महिन्यांनी तो आला आणि खिशातून एक खिळा काढून त्याने डोळे मिटून सांगितलं, "टोक ह्या बाजूला हाय, डोकं त्या बाजूला." बोटांना कळत होतं.

दसऱ्याला तो डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. हाताचं ऑपरेशन करताना हात पसरून ठेवायला लागतो तसा सागवानी पाट. कडा गोल केलेल्या, हाताला कुठेही टोचणार नाही अशा. तो पाट आमच्या थिएटरात पुढे कितीतरी वर्षं होता.

त्यानंतर सरांनी एक नवी रीत सुरू केली. चाकू हातात घेण्याआधी ते पेशंटला पुन्हा सगळं विचारत आणि मग माझ्याकडे, वॉर्डबॉयकडे, ट्रॉली ढकलणाऱ्या मावशीकडे वळून म्हणत, "तुमच्या कानावर काय पडलंय?" आम्ही काही नाही म्हटलं तरी पहिल्या फटक्यात त्यांचा विश्वास बसत नसे. नवे डॉक्टर पाठीमागे हसायचे. पण त्या एका प्रश्नाने दोनदा तरी हात वाचल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. मोठ्या साहेबांनीही पुढे केसपेपरबद्दल कधी काही म्हटलं नाही. उलट स्वतःच्या बहिणीचा हात बधीर झाला तेव्हा तिला त्यांनी दुसरीकडे कुठेही नेलं नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. त्यांच्यावर बोलायला कोणी सांगितलं की लोकांना त्यांची मोठी ऑपरेशनं ऐकायची असतात. मला मात्र त्यांचा रुग्णालयातला शेवटचा दिवस आठवतो.

दुपारी चारला निरोपसमारंभ होता. सकाळी यादीत एकच नाव होतं, मनगटाचं साधं ऑपरेशन. सरांचं शेवटचं ऑपरेशन बघायला सगळे थिएटरात जमले होते. मोठे साहेब, नवे-जुने डॉक्टर, मेट्रनबाई. कोणीतरी एक फोटोग्राफरही आणला होता आणि त्याला गाऊन घालून कोपऱ्यात उभं केलं होतं. पेशंट नृसिंहवाडीकडच्या एका खेड्यातली बावीस-तेवीस वर्षांची सून होती, नाव रुक्मिणी. नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरने तिला तपासून यादीत घातलं होतं.

सर हात धुवून आले आणि नेहमीप्रमाणे टेबलाशी थांबले. "मुंग्या कवापासनं?"

"चौथा लागल्यापासनं," रुक्मिणी लाजून म्हणाली.

सरांनी मान वर केली. "आता कितवा?"

"सातवा."

सरांनी तिचा हात अलगद खाली ठेवला. तरुण डॉक्टरकडे पाहिलं, पण इतक्या माणसांत त्याला काही बोलले नाहीत. "उठा, बाळ," ते रुक्मिणीला म्हणाले. "ऑपरेशन न्हाय."

तिची सासू बाहेर बसली होती. सर तसेच टोपी-गाऊनमध्ये तिच्याकडे गेले आणि समजावून सांगितलं, की पोटुशी बाईच्या अंगात पाणी साठतं, त्यामुळे नस दबते, आणि बाळंत झाली की बहुतेकींचं आपोआप जातं. सासूला पटेना.

"येवढ्या लांबनं आलोय वो. आन् आज तुमचा शेवटचा दिस म्हनत्यात. करून टाका की."

"माझा शेवटचा दिस हाय म्हनून हिचा हात कापू व्हय?" सर म्हणाले. मग त्यांनी पातळ पट्टी मागवली, ती कापसात गुंडाळली आणि रुक्मिणीच्या मनगटाला स्वतः बांधून दिली. "झोपताना ही बांधायची. आणि बाळंत हुईपतूर धार तुमी काढायची."

"मी?" सासू म्हणाली.

"मग कोण? मी येऊ?"

सासू हसली. रुक्मिणी पदराआड तिच्याहून जास्त हसली. फोटोग्राफर बिचारा गाऊन काढून निघून गेला. चारच्या समारंभात सरांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उठून म्हणाले, "माझ्याकडून ज्यांना त्रास झाला ती माणसं इथं नाहीत. त्यांना मी भेटून आलोय. बाकी सगळ्यांचे आभार." आणि बसले.

त्यानंतर चार महिने गेले असतील. सर तेव्हा मुलीकडे बेळगावला होते. एका सकाळी वॉर्डबॉयने सांगितलं, "सिस्टर, बाहेर एक म्हातारी शिकलगार सरांना मागतीया." ती रुक्मिणीची सासू होती. हातात वाडीच्या पेढ्यांचा डबा.

"सून बाळंत झाली. पोरगी झाली," ती म्हणाली. "आन् तिच्या मुंग्या गेल्या बगा. म्हैन्याभरात गेल्या. डाक्टर कुटं हाईत?"

सर निवृत्त झाले, इथे नाहीत, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ डबा धरून उभी राहिली. मग तिने तो माझ्या हातात दिला. "तुमी हुतासा की त्या दिवशी. मग तुमीच वाटा."

मी डबा घेऊन थिएटरात गेले आणि सगळ्यांना एकेक पेढा दिला. रुक्मिणीला यादीत घालणारा तो तरुण डॉक्टर ऑपरेशनसाठी हात धुवायला निघाला होता. त्याने विचारलं, "कसले पेढे, सिस्टर?"

"सरांनी न केलेल्या ऑपरेशनचे," मी म्हटलं.

त्याने पेढा खाल्ला. मग हात धुवायला न जाता तो वळला आणि टेबलावर झोपलेल्या पेशंटजवळ जाऊन बसला. "बाबा," तो म्हणाला, "कधीपासून दुखतंय, मला पुन्हा एकदा नीट सांगा."